आमची वाटचाल : हॉलमधल्या स्पोकन इंग्लिशपासून मॉक टेस्टपर्यंत

बोर्डवर आयईएल्टीएस, टोफल, पीटीई, ड्युओलिंगो अशा परदेशी शिकायला जाताना लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षा सगळ्याच लिहिल्यात आणि आत आलं तर कोणी शिकवतानाच दिसत नाही, मुलं आपली हेडफोन लावून बसलेली, त्यामुळे नवीन आलेले पालक दारातच विचारतात की मॅडम क्लास कुठे आहे. हाच क्लास. हे असं कसं झालं ते एकदा नीट लिहून काढते.

सुरुवात झाली नाशिकच्या इंदिरानगरला, घरच्या हॉलमध्ये. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, नोकरी सोडल्यावर स्पोकन इंग्लिशच्या बॅच घ्यायला लागले. बँकेच्या परीक्षावाले, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले सुपरवायझर, लग्न होऊन परदेशी जायच्या तयारीतल्या मुली, असं सगळं मिक्स गिऱ्हाईक. त्यातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं यायला लागली, एमएसला जायचंय म्हणून. यांचं इंग्लिश वाईट नव्हतं हो, चार वर्षं जाडजाड पुस्तकं इंग्लिशमधूनच वाचलेली, पण स्कोअर यायचा नाही. माझे दीर तेव्हा अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघायचे, संध्याकाळी घरी आले की मागे खुर्ची टाकून बॅच ऐकत बसायचे. एक दिवस म्हणाले, वहिनी, यांना ग्रामर नका शिकवू, यांना परीक्षेची सवय नाहीये, तेवढं मी करून देतो. आणि घरातले दोन जुने पीसी, स्वस्तातले हेडफोन आणि एक टायमर लावून त्यांनी पहिली मॉक टेस्ट, म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखी सराव परीक्षा, बसवली. आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टोफल अमेरिकेतली ईटीएस ही संस्था घेते, 1964 पासून चालू आहे, 2005 ला ती इंटरनेटवर आली आणि तेव्हापासून तिच्यात स्पीकिंग आलं, तेही माणसासमोर नाही तर माइकसमोर. आयईएल्टीएस 1989 ची, तिच्यात 0 ते 9 बँड, आणि स्पीकिंगला समोर खराखुरा परीक्षक, 11 ते 14 मिनिटं. दोन्हींचा स्कोअर दोन वर्षं चालतो. पुस्तकातून एवढं सगळ्यांना कळतं. जे कळत नाही ते म्हणजे सेंटरवर नेमकं काय होतं.

टोफलला सगळ्यांचं स्पीकिंग एकाच वेळी येत नाही. तुम्ही अजून लिसनिंगचं लेक्चर ऐकताय आणि शेजारचा मोठ्या आवाजात सुरू होतो, त्याच्या शेजारची त्याच्याहून मोठ्याने. घरी पंखा बंद करून, दार लावून प्रॅक्टिस केलेला मुलगा तिथे गडबडतो. म्हणून आम्ही मॉकला मुलांना मुद्दाम दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करतो, म्हणजे कोणाचं तरी बोलणं कोणाच्या तरी लेक्चरवर पडायलाच पाहिजे. पहिल्या मॉकनंतर तक्रार येते, मॅडम फार आवाज होता. हो, होताच! आणि मग आम्ही त्यांचं रेकॉर्डिंग त्यांनाच ऐकवतो. जुन्या टोफलमध्ये 45 सेकंद आणि 60 सेकंदांची उत्तरं असायची, आपली मुलं विसाव्या सेकंदाला संपायची, मग टायमरकडे बघत 'सो... येस... दॅट्स ऑल'. आणि मध्ये 'ॲक्च्युअली' इतक्यांदा की ऐकणारा स्वतःच लाजून हेडफोन काढतो. तेवढं एक रेकॉर्डिंग माझ्या चार लेक्चरच्या वर काम करतं.

आयईएल्टीएसच्या रीडिंगमध्ये ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असा प्रकार असतो, त्यात आपल्याकडची हुशार मुलं जास्त अडकतात. मी फळ्यावर लासलगावचं उदाहरण देते. समजा पॅसेजमध्ये एवढंच लिहिलंय की लासलगावला कांद्याचा लिलाव होतो, आणि खाली विधान आहे की लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. निफाडचं पोरगं हात वर करून सांगतं ट्रू, मॅडम आमचे पप्पा दर आठवड्याला ट्रॅक्टर घेऊन जातात. अरे बाबा, तुला माहीत आहे, पॅसेजला माहीत नाही, उत्तर नॉट गिव्हन! अख्खी बॅच हसते, पण त्यानंतर हा प्रश्न कोणाचा फारसा चुकत नाही. लिसनिंगला तसंच, शेवटचा 'एस' आपल्या कानाला लागत नाही, 'टिकेट्स'च्या जागी 'टिकेट' लिहिलं की मार्क गेला.

हॉल पुरेना म्हणून आम्ही कॅनडा कॉर्नरजवळ पहिल्या मजल्यावर जागा घेतली (हो, कॅनडाला जायला कॅनडा कॉर्नर, हा जोक प्रत्येक बॅचला कोणीतरी मारतंच). दिरांनी नोकरी सोडली, मशीन वाढवल्या, इन्व्हर्टर बसवला. त्या काळात बऱ्याच मुलांना खरी परीक्षा द्यायला मुंबईला किंवा पुण्याला जायला लागायचं, सकाळचा स्लॉट असेल तर पंचवटी एक्सप्रेसने जाऊन वेळ गाठणं शक्यच नाही, म्हणून आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्काम, रात्री झोप नाही, आणि सकाळी उपाशीपोटी परीक्षा. त्यामुळे आम्ही पण शेवटची मॉक सकाळी लवकरच ठेवायचो, मुलं कुरकुर करायची, पालक खूश असायचे.

रायटिंग तपासायला एक निवृत्त प्राध्यापिका येतात आमच्याकडे. त्या चूक दुरुस्त करून देत नाहीत, फक्त प्रश्नचिन्ह काढतात आणि वही परत. आयईएल्टीएसच्या रायटिंगला चार गोष्टी बघतात, विचारलंय त्याचं उत्तर दिलंय का, मुद्दे जोडलेत का, शब्द आणि व्याकरण, चारींना सारखंच वजन. आपली मुलं फक्त शब्दांच्या मागे लागतात, कुठून तरी पाठ केलेलं 'इन धिस मॉडर्न एरा' टाकतात आणि 6 वर अडकून बसतात. बाईंचा एक नियम आहे, पाठ केलेलं वाक्य दिसलं की पुढचं वाचायचंच नाही.

याच्यात पालकांना समजवायला सगळ्यात अवघड जातो तो बँडचा हिशेब. समजा लिसनिंग 7, रीडिंग 7, स्पीकिंग 6.5 आणि रायटिंग 5.5, बेरीज 26, भागिले चार, ओव्हरऑल 6.5. पेढे येतात. आणि मग युनिव्हर्सिटीच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कुठलाही बँड 6 च्या खाली नको. गेलं सगळं. आता वन स्किल रीटेक आहे, कॉम्प्युटरवर दिली असेल तर 60 दिवसांच्या आत एकच भाग परत देता येतो, पण तो सगळ्याच युनिव्हर्सिट्या धरत नाहीत, म्हणून आम्ही आमच्या क्लासला ॲडमिशन देण्याच्या आधीच मुलाला त्या-त्या डिपार्टमेंटचं पान स्वतः उघडून वाचायला लावतो. पीएचडीवाल्यांना तर विशेष सांगतो, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी टीचिंग असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतच शिकवायला मदत करायची आणि त्याचे पैसे मिळवायचे) हवी असेल तर स्पीकिंगचा स्कोअर प्रवेशाच्या स्कोअरपेक्षा वरचा मागतात, आणि पैशाचं गणित त्याच असिस्टंटशिपवर असतं.

काही वेळा पान वाचल्यावर कळतं की याला टेस्टची गरजच नाही, कॉलेजचं मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं लेटर, म्हणजे शिक्षण इंग्लिशमधून झालंय असं पत्र, चालतंय. मग आम्ही फी न घेता परत पाठवतो. दिरांचं यावर माझ्याशी वाजतं अधूनमधून, पण त्या मुलाची बहीण, मित्र, मामेभाऊ नंतर आमच्याकडेच येतात, हे त्यांनाही माहीत आहे.

2020 मध्ये सेंटरं बंद पडली आणि सगळंच फिरलं. टोफल घरून सुरू झाली, ड्युओलिंगो आधीपासून घरूनच होती, आणि ती आयईएल्टीएसच्या निम्म्या पैशातही होत होती, त्यामुळे मुलं तिकडे पळाली. पण घरून परीक्षा म्हणजे एकटं माणूस, बंद खोली, नेट जाता कामा नये. सिन्नरच्या एका मुलाच्या परीक्षेत आजी चहा घेऊन आत आली, झालं, टेस्ट बाद. तेव्हा खूप जण म्हणाले तुमच्या केबिन भाड्याने द्या, आम्ही नाही दिल्या. शेजारच्या केबिनमधला आवाज माइकमध्ये गेला तर मुलाचा स्कोअर अडकणार आणि नाव आमचं जाणार. त्याऐवजी दीर झूमवर प्रत्येकाची खोली बघायचे, टेबल फिरव, मागचं कॅलेंडर काढ, आजीला सांगून ठेव.

मग कॅनडाची लाट आली तशी ओसरली. नोव्हेंबर 2024 ला त्यांनी एसडीएस ही विद्यार्थ्यांना झटपट स्टडी परमिट देणारी स्कीम बंद केली, आणि कॉलेज रोडवरचे कितीतरी बोर्ड उतरले. एका मोठ्या एजंटने आम्हाला आधी ऑफर दिली होती, प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन, फक्त बोर्डवर '7 बँड गॅरंटी' लिहा. बँड देणारे आम्ही कोण? नाही म्हणालो. त्यामुळे चांगल्या दिवसांत आमचं फार वाढलं नाही आणि वाईट दिवसांत फार पडलं पण नाही. आता मेकॅनिकलची मुलं जर्मनीचं विचारतात, तिथे टेस्टच्या जोडीला एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून आधी ते टाका असं पहिल्याच दिवशी सांगतो.

सध्या धावपळ चालू आहे ती नवीन टोफलची. जानेवारी 2026 पासून स्कोअर 1 ते 6 मध्ये, रीडिंग-लिसनिंग तुमच्या उत्तरांप्रमाणे सोपं-अवघड होत जाणारं, स्पीकिंगमध्ये ऐकून वाक्य तसंच म्हणायचं आणि मग मुलाखतीसारखे प्रश्न, रायटिंगमध्ये ईमेल. जुने 120 पैकीचे आकडे काही काळ सोबत मिळतात, पण पालकांच्या डोक्यात 100 प्लस असं बसलंय ना, त्यांना 5 सांगितलं की चेहरा पडतो. दिरांनी जुने मॉक काढून टाकले आणि रात्री बसून नवीन सेट बनवतायत, बाईंनी ईमेलसाठी वेगळी वही केलीये.

आणि 2027 च्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशाला) जाणाऱ्यांनी टेस्ट 2026 मध्येच उरकून घ्या. त्याच्या पुढच्या प्रवेशवाल्यांनी पण स्लॉट घेताना कुंभाच्या पर्वणीच्या तारखा आधी बघा, 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शहरातले रस्ते बंद असणार, त्या दिवसांत आम्ही पण मॉक ठेवणार नाही.