एक बुटाचा खोका आणि ४६ सेंट

मी न्यू जर्सीत एका छोट्या टॅक्सच्या ऑफिसात काम करते, म्हणजे फोन घ्यायचे, फायली लावायच्या, पत्रं पाठवायची, आणि जानेवारी ते एप्रिल जेवायला वेळ मिळत नाही म्हणून कुरकुर करायची. आमचे सर मूळचे इचलकरंजीचे. त्यांनी हे ऑफिस रिटायर होणाऱ्या एका गोऱ्या आजोबांकडून घेतलं, क्लायंटसकट, फर्निचरसकट आणि ड्रॉवरमधल्या कचऱ्यासकट. त्या कचऱ्यात मला यंदा एक बुटाचा खोका सापडला. आत पोस्टाची तिकिटं, कोरी, शीटच्या शीट. कुठे गरुड, कुठे पृथ्वीचा गोळा, फूल, झेंडा, टोपी, आणि सोबत ए, बी, सी करत एचपर्यंत नुसतं एकेक अक्षर. किंमत कुठेच नाही!

सर एकदम खुश. "अगं फॉरएव्हरसारखीच असणार, लाव बिनधास्त." मलाही पटलं, कारण २००७ पासून इथे जी फॉरएव्हर तिकिटं मिळतात त्यांच्यावरही आकडा नसतो, कधी घेतलेलं का असेना, लावाल त्या दिवशीचा साध्या पत्राचा रेट भरला असं धरतात. तो जुलै २०२५ मध्ये ७८ सेंट झाला होता. मग काय, जुना गोंद, वाटीत पाणी, त्यात स्पंज, आणि मी दुपारभर बसून चाळीस पाकिटांवर झेंडावालं जी एकेक चिकटवलं. आत पत्र काय होतं, तर यंदापासून आमची फी वाढली.

चार-पाच दिवसांनी निम्मी पाकिटं शिक्का बसून परत आली, पोस्टेज कमी म्हणून. बाकीची पोचली वाटतं म्हणून हुश्श करतेय तोवर एका क्लायंट आजींचा फोन. पोस्टमनने त्यांच्याकडून ४६ सेंट मागून घेतले होते. आजी अगदी शांत आवाजात म्हणाल्या, म्हणजे तुमची फी वाढली हे वाचायला मी पैसे भरले ना? मला काय बोलावं सुचेना, दोनदा सॉरी म्हटलं आणि परत आलेली पाकिटं घेऊन थेट पोस्टात गेले.

खिडकीवरच्या बाईंनी एक कोष्टक काढून दाखवलं आणि मग उजेड पडला. रेट वाढणार हे आधी कळायचं पण नेमका किती ते शेवटपर्यंत ठरायचं नाही, आणि तिकिटं छापायला तर महिनोन्महिने लागतात, म्हणून आकड्याऐवजी अक्षर छापून ठेवायचे. पण एकदा रेट ठरला की त्या अक्षराची किंमत तिथेच गोठली. ए १९७८ चं, १५ सेंट. मग बी १८, सी २०, डी २२, ई २५, एफ २९, जी ३२, एच ३३. माझं जी ३२ चं, म्हणजे ७८ ला कमी पडले ४६, आजींचा हिशोब चोख होता. आपल्याकडे तिकिटावर ठळक पाच रुपये छापलेलं असतं, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

बरं, एवढ्यावर भागलं तर कसं. खोक्यात एक पूर्ण शीट अशी होती की तिकिटावर चित्रच नाही, नुसतं बारीक इंग्रजी वाक्य. अर्थ असा की हे तिकीट अधिक २५ सेंटची आणखी तिकिटं मिळून एफ तिकिटाच्या रेटएवढं होतं. अहो पण एफ म्हणजे किती ते लिहा ना! १९९१ मध्ये पोस्टाने नवीन रेट ३० सेंट मागितला होता, मंजूर झाला २९, आणि लोकांकडे आधीची २५ ची पडून होती, त्यांना जोड म्हणून हे. म्हणजे हे तिकीट चार सेंटचं. चार हा आकडा छापण्याऐवजी अख्खं वाक्य छापलंय, आणि ते वाचून वजाबाकी आपण करायची.

ऑफिसला येऊन कोष्टकाचा फोटो मॉनिटरला चिकटवला आणि ७८ ची बेरीज जमवत बसले. एच, ई, सी मिळून ७८ बरोब्बर. दोन एफ आणि एक सी, तेही ७८. आधीच लावलेल्या जीला मात्र जोडीदार सापडेना. शेवटी त्याच्याशेजारी सी आणि डी, म्हणजे ७४, आणि वर ते वाक्यवालं चार सेंटचं, झाले ७८. एका पाकिटावर चार तिकिटं, पत्ता लिहायला जागा राहिली हेच नशीब. सर मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "तासाचा पगार धरला तर नवीन तिकिटं स्वस्त पडली असती." हे आधी सुचायला काय झालं होतं?

आजींचा चेक मार्चमध्ये आला. वाढलेल्या फीचा, वेळेवर, त्यातून ४६ सेंट कापून, आणि मेमोच्या ओळीत ठसठशीत अक्षरात "पोस्टेज". सरांनी विचारलं हे कुठल्या खात्यात टाकायचं. म्हटलं, पोस्टेजच लिहा, आजींनी लिहूनच दिलंय.