मठ्ठ्यात सोमल

घरी ‘मर्डर मिस्ट्री’चं जेवण, म्हणजे जेवता जेवता लुटुपुटीच्या खुनाचा छडा लावायचा खेळ, घालायचं ठरलं की पहिला पेच मढ्याचा. आपल्याकडे फौजदार व्हायला सगळेच तयार असतात, खुनी व्हायला दोघं-तिघं लाजत लाजत हो म्हणतात, पण मरायला कोणी पुढे येत नाही. मेलेल्याने जेवायचं कसं? या खेळाचे जे तयार संच मिळतात त्यांनी हा पेच केव्हाच सोडवलाय. मयत इसम पाहुणे येण्याआधीच गेलेला असतो. आपण जमायचं ते थेट संशय घ्यायला. (तेराव्यालाही आपण जमतो ते बरेचदा याचसाठी, फक्त कपडे इतके बरे नसतात.)

हे संच अमेरिकेत १९८०च्या दशकात लोकप्रिय झाले. एका खोक्यात आठजणांच्या भूमिका, प्रत्येकाची छोटी पुस्तिका आणि पाकिटात बंद केलेले पुरावे. हौस मात्र त्याहून जुनी, आणि इंग्रजांची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिकडच्या हॉटेलांतून पाहुणे रात्री एकमेकांचे लुटुपुटीचे खून पाडत. तिथे पियानो वाजवणारा अँथनी प्रॅट हे बघत होता. पुढे युद्धात, बर्मिंगहॅमच्या काळोख्या रात्री घरात बसून काढताना, त्याने हा खेळ पटावर आणला. पटाचं चित्र बायकोने काढून दिलं. १९४४ साली पेटंटचा अर्ज गेला, पण युद्धानंतरच्या टंचाईत तो ‘क्लूडो’ दुकानात यायला १९४९ उजाडलं. म्हणजे सक्तीने घरात बसलेल्या माणसांचीच ही करमणूक. कोविडच्या काळात आपण डालगोना कॉफी घुसळत बसलो, त्यापेक्षा हे बरंच बरं.

खेळाचा नियम मला फार आवडतो: लपवायला सगळ्यांना मुभा, पण खोटं बोलायची परवानगी फक्त खुन्याला. एरवी घरगुती जेवणावळीत हे बरोबर उलटं असतं.

माझ्या बहिणीने तसा एक खोका आणला होता. त्यात इंग्लंडमधली हवेली, बटलर, निवृत्त कर्नल आणि लांब मोत्यांची माळ घालून उसासे टाकणारी एक बाई. आमच्या मंडळींनी पुस्तिका चाळल्या आणि सरबतासारख्या बाजूला ठेवल्या. बटलरला मालकाचा राग का येतो हे कोणाला आतून कळेना. आपल्याला आतून कळतो तो जमिनीचा राग. तेव्हा खून आपणच लिहावा असं मी ठरवलं, आणि तारीखही आयती मिळाली: ३१ मार्च १९५७.

दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, कुळकायद्याप्रमाणे कसणारी कुळं जमिनीची मालक मानली जाणार होती. ‘कसेल त्याची जमीन.’ रत्नागिरीजवळचा वाडा, मूलबाळ नसलेले खोत आणि आदल्या दिवशी दुपारच्या जेवणात त्यांच्या मठ्ठ्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक. वैद्यबुवांनी पटकी (कॉलरा) म्हणून सांगितलं, कारण सोमलाची लक्षणं तशीच दिसतात. संशयित म्हणजे कुळ, तलाठी, खोतीण, तिचा वकील भाऊ, मुंबईहून आलेला पुतण्या, स्वयंपाकीण आणि खुद्द वैद्यबुवा. चौकशीला फौजदार. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथांसाठी दहा नियम घालून दिले होते. त्यात कोणाला ठाऊक नसलेलं विष नको आणि गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, असं आहे. विषाचं मी पाळलं. कोकणातल्या घराला मागचं दार, न्हाणीकडचं दार आणि गोठ्याची वाट असतेच, त्याला मी काय करणार!

पुरावे बनवण्यात खरी मजा. सातबाराचा उतारा हाताने लिहिला, चहाच्या पाण्यात बुडवला आणि ओट्यावर पालथ्या ताटावर सुकवला. कडा अशा तांबूस झाल्या की तलाठी झालेल्या दिराने तो नाकाला लावून ‘आसाम की निलगिरी?’ विचारलं. भिंतीवर कॅलेंडर हवं होतं. १९५७ आणि २०१९ या दोन्ही वर्षांचे वार सारखे येतात, आणि माळ्यावर २०१९चं जुनं कालनिर्णय होतं. मार्चचं पान फाडून सालावर कागदाची पट्टी चिकटवली. भाचीने आल्या आल्या ऐकवलं, ‘मावशी, कालनिर्णय १९७३ साली निघालं.’ हल्लीच्या मुलांपुढे खून करणं अवघड आहे.

आता जेवण. खोक्यातला सगळा हिशेब इंग्रजी जेवणावर बेतलेला: सूप आलं की पहिली फेरी, मुख्य पदार्थ आले की दुसरी, गोड आलं की कबुलीजबाब. आपल्या ताटात मिठापासून गोडापर्यंत सगळं पहिल्या मिनिटाला हजर, मग रहस्य राखायचं कुठे? बुफे तर त्याहून वाईट. लोक ताटं घेऊन घरभर पांगतात आणि महत्त्वाचा साक्षीदार आतल्या खोलीत क्रिकेट बघत बसतो. म्हणून मी पंगत मांडली.

पंगतीत ताट सुरुवातीलाच भरलेलं दिसलं तरी वाढप फेऱ्यांनी चालतं. वरण-भातावर पहिली जबानी, पुरी-भाजीला दुसरी, मसालेभाताबरोबर सातबारा हातोहात फिरला आणि जिलेबीला आरोप. मध्येच कोणाला उठायची सोय नाही. कोणाशेजारी कोण बसणार हे यजमानाच्या हातात, म्हणून कुळाला मी खोतिणीच्या समोर बसवलं. आणि वाढणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही! पातेलं घेऊन ओळीतून वाकत गेलं की दोन्ही बाजूंची कुजबुज कानावर पडते. यजमानीण स्वयंपाकघरात अडकली आणि खेळाला मुकली, ही तक्रारच उरत नाही. पुऱ्या तेवढ्या आधी तळून ठेवाव्या लागतात आणि त्या निवतात. खुनाच्या घरी एवढं चालायचंच.

विष मठ्ठ्यात होतं हे पहिल्या जबानीत फुटलं मात्र, मठ्ठ्याला कोणी हात लावेना. आलं, मिरची, कोथिंबीर ठेचून घातलेला चांगला पातेलंभर मठ्ठा. मी प्रत्येकापाशी थांबून आग्रह करत होते आणि जितका आग्रह करावा तितका माझ्यावरच संशय वाढत होता. मी तर भूमिकेतसुद्धा नव्हते. फौजदार झालेले नणंदेचे यजमान वहीत लिहून घेत होते: ‘वाढपीण अति आग्रही.’

सासूबाईंनी भूमिका नाकारली होती. ‘मला त्या भानगडीत घेऊ नका, मी नुसती बघते,’ म्हणून त्या गुडघ्यांच्या कारणाने टेबलाशी बसल्या होत्या. मसालेभातापर्यंत सगळ्यांचं एकमत होत आलं होतं की कुळानेच मारलं. तेव्हा त्यांनी तिथून विचारलं, ‘अगं, पण कुळाने कशाला मारावं? त्याला दुसऱ्या दिवशी जमीन मिळतच होती की.’

पंगत थबकली. जिलेबीचं ताट हातात धरून मी तशीच उभी.

‘उलट मालक मेला तर कुळाचंच नुकसान,’ आई मीठ चिमटीत घेत म्हणाल्या. ‘जमीन विधवेच्या नावावर गेली की कुळाचा हक्क लांबतो. आमच्या आत्याची तशीच राहिली होती कितीतरी वर्षं. कुळ बिचारं यायचं, ओटीवर बसायचं आणि चहा पिऊन जायचं.’

कायद्यात हे खरोखरच आहे: जमीनमालक विधवा, अज्ञान (म्हणजे वयाने लहान) किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. सगळा कट मी त्या कलमावर उभा केला होता, आणि ते शोधायला कायद्याचं पुस्तक चाळलं होतं. आईंना ते आत्याच्या ओटीवरून माहीत होतं.

मग सगळे खोतिणीवर तुटून पडले. माझ्या बहिणीने डोळ्याला पदर लावून असा काही आकांत मांडला की पुतण्याने तिला स्वतःची जिलेबी देऊ केली. पण विधवेच्या जमिनीचा कारभार बघणार कोण आणि ते कलम कोणाला ठाऊक असणार, हे फौजदारांच्या ध्यानात येईना. वकील भाऊ झाले होते आमच्या सोसायटीचे खजिनदार. पाच रुपयांची पावती चुकली तर झोप न येणारा हा गृहस्थ. खोटं बोलायची परवानगी मिळाल्यावर मात्र सुटलाच. ‘त्या दुपारी मी रत्नागिरीच्या कोर्टात होतो,’ ते म्हणाले. पुढे दावा कशाचा, अशील कोण, जज्ज कसा तिरसट, मधल्या सुट्टीत मिसळ कशी तिखटजाळ होती, सगळं रंगवून सांगितलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस नेहमी गरजेपेक्षा जास्त माहिती देतो.

भाची बोटं चाटत भिंतीकडे बघत होती. ‘काका, एकतीस तारखेला रविवार आहे.’

‘रविवारीसुद्धा असतं कधीकधी,’ खजिनदार म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

निकाल त्यांनी अजून मानलेला नाही. जिन्यात भेटले की वरच्या कोर्टात जाण्याच्या गोष्टी करतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी वाडा नको, आपलीच इमारत घेऊ: पुनर्विकासाचा ठराव, वार्षिक सभा आणि आदल्या रात्री पाण्याच्या टाकीपाशी सापडलेला बिल्डरचा माणूस. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

‘वहिनी,’ ते हळूच म्हणाले, ‘तेवढं नका लिहू. संशयित फार होतील.’