घराला खर्च किती आला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दांडिया बाजारातलं जुनं घर आम्ही न पाडता दुरुस्त करून घेतलं, त्यामुळे बडोद्यातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत कुणीतरी ताट हातात घेऊन हेच विचारतं. मी उलट विचारते, पहिल्या वेळचा सांगू की दुसऱ्या?

पहिल्या वेळी सहा लाख चाळीस हजार लागले. त्यात वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम होतं. मिस्त्रीने वॉटरप्रूफिंगचे अठरा हजार वेगळे सांगितले. मी म्हटलं, टाइल्स तर लावतोच आहोत, पाणी जाणार कुठून? तो म्हणाला, "चालशे, बेन." या एका शब्दाने आमच्या शहरातली किती घरं गळत असतील देव जाणे.

त्यातून होळी तोंडावर आलेली. मजूर दाहोदकडचे, होळीला ते गावी जाणार म्हणजे जाणारच. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं ते दोन दिवस मारलं. जाळी बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल उतरते का बघायचं, हे तर कुणी बोललंच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात माजघरात कुबट वास यायला लागला. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्याकडे ते जोत्याखालीच राहिलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आमचं पाणी वरून येत होतं. सागाची तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे सुताराने पेचकस टोचला, तर तो केकमध्ये जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. वरून काळीभोर, धट्टीकट्टी दिसणारी तुळई! सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्याखालचा पलंग ओढून घ्या म्हणाल्या.

दोष एकट्या बाथरूमचा नव्हता. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना 1914मध्ये सुरू झाला. आमचं घर त्याआधीचं, विटा आणि चुन्याचं. चुन्यातून ओल बाहेर पडते, भिंत वाळत राहते. आम्ही खालच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, लागलेला दिसला म्हणून जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केला. गुळगुळीत, झकास. मग जमिनीतली ओल सिमेंटमागे कोंडली आणि भिंतीतून वर चढली. ज्या उंचीवर पूर्वी कधी डाग नव्हता तिथे पोपडे आले. वरून बाथरूमचं पाणी, खालून ही ओल, आणि मध्ये तुळईचं टोक. ते कसलं वाळतंय!

(वायरिंगचंही असंच. काही बोर्डांपर्यंत अर्थिंगची तार ओढलीच नव्हती. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तेव्हा कळलं. ते त्या मानाने स्वस्तात निपटलं.)

दुसऱ्या वेळचा हिशोब असा: बाथरूम फोडून पुन्हा करायला पंचाण्णव हजार, तुळईचं कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्ट करायला सत्तर, भिंतीचं सिमेंट काढून परत चुन्याचा गिलावा करायला चाळीस. दोन लाख पाच हजार, त्या अठरा हजारांपायी आणि त्या झकास गिलाव्यापायी. चुन्याचं काम येणारा कडिया, म्हणजे गवंडी, शोधण्यात दीड महिना गेला. नणंदेकडे तीन आठवडे राहिलो, त्याचा हिशोब ती अजून अधूनमधून काढते.

या वेळी टाइल्स बसवण्याआधी जाळीला बूच मारून बाथरूममध्ये तीन इंच पाणी भरलं. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. सासूबाईंनी खाली बरोब्बर त्या जागी पेपर पसरला आणि दोन दिवस कुणाला तिथून जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या केसभर खाली. मिस्त्री म्हणाला, "एटलुं तो उडी जाय," एवढं तर हवेत उडून जातंच. मी खाली धावले. पेपर कोरडा ठणठणीत. सासूबाईंनी तो उचललासुद्धा नाही, त्याच्यावरच पापडी निवडायला बसल्या.