मॉर्निंगला मूत्रपिंड देणारा भाऊ

मूत्रपिंड प्रत्यारोपण समन्वयकाचे बहुतेक काम शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच चालते. रक्तगट, ऊतींची जुळणी आणि क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, ही चाचणी) यांची उत्तरे प्रयोगशाळा देते. दाता कोण आहे, तो का देतो आहे आणि त्यामागे पैशाचा व्यवहार नाही, हे कागदोपत्री सिद्ध करणे आमच्याकडे असते. महाविद्यालयीन संघातून बास्केटबॉल खेळणाऱ्या एका मुलाच्या फाईलसाठी, अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे घालवलेल्या दुपारचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही, आणि त्याला कारण अमेरिकी बास्केटबॉलपटू अलोन्झो मॉर्निंग आहे.

मॉर्निंगचे नाव मला त्या मुलानेच सांगितले. दोघांचा आजार एकच होता, फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. यात मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांच्या काही भागांवर व्रण पडतात, प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, लघवीला फेस येतो आणि पाय सुजतात. खेळाडूंमध्ये तो उशिरा सापडू शकतो, कारण पायाची सूज दुखापतीच्या खात्यात जाते आणि रक्तातले थोडे वाढलेले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ घटक, पिळदार स्नायूंमुळे असेल म्हणून सोडून दिले जाते. लघवीतील प्रथिनांची तपासणी अत्यंत स्वस्त आहे. तरीही शिबिरांमधून मुलांची उंची आणि उडी मोजणाऱ्या प्रशिक्षकांना ती सुचत नाही, याचा मला संताप येतो.

मॉर्निंग १९७० मध्ये व्हर्जिनियातील चेसापीक येथे जन्मला. आईवडील विभक्त झाल्यावर तो फॅनी थ्रीट या निवृत्त शिक्षिकेच्या घरी वाढला, जिथे त्याच्यासारखी आणखी कितीतरी मुले सांभाळली जात. जॉर्जटाउन विद्यापीठातून बाहेर पडताना, एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९९२ च्या खेळाडू निवडीत शकील ओनीलच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर त्याला शार्लट हॉर्नेट्स संघाने घेतले आणि १९९५ मध्ये तो मायामी हीटकडे गेला. १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षे तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. सिडनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन तो परतला आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आजाराचे निदान झाले. त्या हंगामाच्या अखेरीस तो पुन्हा मैदानात आला, पुढचा हंगामही खेळला. मात्र २००२-०३ चा हंगाम त्याला सोडावा लागला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये, न्यू जर्सी नेट्सकडे असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. १९ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे प्रत्यारोपण झाले.

आमच्या मुलाला यातला फक्त पुढचा भाग पाठ होता. पुढच्याच हंगामात मॉर्निंग परत खेळू लागला आणि २००६ मध्ये, तो पुन्हा मायामीकडे असताना, मायामीने डॅलसला हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा निर्णायक सहाव्या सामन्यात, तोवर मायामीतच आलेल्या ओनीलचा बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने पाच फटके अडवले. मी मात्र या हकीकतीत दाता शोधत होते. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, बरगड्यांच्या संरक्षणाबाहेर बसवतात. ते घेऊन बास्केटखालच्या धक्काबुक्कीत उभे राहणाऱ्याइतकेच ते काढून देणाऱ्याचे धैर्य मला मोठे वाटते. बास्केटबॉलपटू मित्र पॅट्रिक यूइंगनेही त्याला मूत्रपिंड देऊ केले होते. प्रत्यक्षात दिले ते जेसन कूपर या नात्यातल्या भावाने. अमेरिकेच्या मरीन दलातला हा माजी सैनिक आजारी आजीला भेटायला रुग्णालयात गेला असता त्याला मॉर्निंगच्या वडिलांकडून आजाराविषयी कळले. दोघा भावांची कित्येक वर्षे भेटही झालेली नव्हती.

आमच्या मुलाच्या आईचा रक्तगट जुळत नव्हता आणि वडिलांना मधुमेह होता. पुढे आला तो चुलतभाऊ, आणि तोही ज्या घराशी शेतीच्या वाटणीवरून बोलणे बंद होते त्या घरातला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा आणि नातवंडे हेच जवळचे नातेवाईक. चुलतभाऊ त्यांत बसत नाही. त्यामुळे जवळचा नातेवाईक नसलेल्या दात्याने भरायचा नमुना ३, दोघांची गेल्या तीन आर्थिक वर्षांची मिळकत, घरातल्या व्यक्तीची साक्ष, चित्रित केली जाणारी मुलाखत आणि दोघांची एकत्र असलेली जुनी छायाचित्रे, हे सारे आले. छायाचित्र एकही नव्हते.

"इतकी वर्षं बोलणं नाही, मग एकदम मूत्रपिंड द्यावंसं कसं वाटलं?" असे एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले.

"भांडण मोठ्या माणसांचं होतं, साहेब," चुलतभाऊ म्हणाला. "आम्ही दोघं एकाच शाळेत होतो."

उत्तर सगळ्यांनी ऐकले आणि फाईल त्रुटी काढून परत आली. मी सदस्यांना दोष देत नाही. गरिबाचे मूत्रपिंड विकत घेऊन त्याला भाऊ म्हणून उभे करणारे दलाल खरोखरच असतात, आणि पढवलेला दाता यापेक्षा गोड बोलतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून जनरल रजिस्टरचे उतारे आणून मी दोघांची नावे एकाच वर्गात दाखवली, तेव्हा पुढच्या बैठकीत परवानगी मिळाली. मधल्या काळात हिमोग्लोबिन घसरल्याने मुलाला रक्त द्यावे लागले होते. परक्या रक्तामुळे शरीरात नवी प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता असते, म्हणून क्रॉसमॅच पुन्हा करावा लागला. तो अहवाल हाती येईपर्यंतची वाट पाहणे या कुटुंबाच्या वाट्याला केवळ एका छायाचित्राअभावी आले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. हा आजार नव्या मूत्रपिंडातही परतू शकतो, त्यामुळे लघवीतील प्रथिने तो नियमित तपासतो आणि शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसच्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेतो. डॉक्टरांनी त्याला बास्केटवर नेम धरण्याचा सराव करू दिला आहे, सामना खेळू दिलेला नाही, आणि त्यांच्याशी वाद घालताना तो अजून मॉर्निंगचाच दाखला देतो. आता चुलत, मावस किंवा आत्ये-मामे भाऊबहीण दाता म्हणून आले की मी पहिल्या भेटीतच शाळेचे उतारे आणि जुनी रेशनकार्डे मागवते. पण कूपरसारखा, वर्षानुवर्षे न भेटलेला भाऊ उद्या समोर येऊन बसला, आणि दोघांनी बालपणही एकत्र घालवलेले नसले, तर त्याच्या बाजूने समितीपुढे कोणता कागद ठेवायचा, हे मला अजून सुचलेले नाही.