उद्या डबा घेऊन परळला

बुधवार, रात्रीचे पावणेअकरा

हे झोपलेत, लेक कानात हेडफोन घालून बसलीय, आणि मी बेडवर पेपर पसरून त्यावर चिवड्याचा जुना पत्र्याचा डबा उपडा केलाय. उद्या परळला कॅन्सरच्या हॉस्पिटलात फॉलोअप. मागच्या वेळी ओपीडीतल्या तरुण डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, काकू, घरी जे काय काय घेता ते सगळं पिशवीत भरून आणा, नावं लिहून आणू नका, बाटल्याच आणा. मोजल्या आत्ता. अकरा निघाल्या. मला वाटत होतं पाच-सहा असतील.

त्यातल्या दोन डॉक्टरांनीच दिलेल्या, डी थ्रीची सॅशे आणि कॅल्शियम, रिपोर्टमध्ये कमी आलं होतं म्हणून. उरलेल्या नऊ कुठून आल्या ते एकेकीकडे बघून आठवतंय. काही लोकांनी प्रेमाने दिल्या, काही मी रात्री दोन वाजता झोप लागेना तेव्हा मोबाइलवरून मागवल्या, एक तर चक्क ट्रेनमधल्या बाईने सुचवलेली (कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, आणि भांडुप ते परळ तिथे जेवढे डॉक्टर भेटतात तेवढे हॉस्पिटलात भेटत नाहीत).

हे प्रकरण उघडं पडलं ते केसांमुळे. केमोनंतर केस आले ते जावळासारखे, विरळ आणि कुरळे, म्हणून मी बायोटिन सुरू केलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. माणसाला दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे मी तीनशेपटीहून जास्त गिळत होते, पण व्हिटॅमिन म्हटलं की आपल्याला वाटतं जास्तीचं लघवीवाटे निघून जाईल. जातंही, पण जाता जाता माझा थायरॉइडचा रिपोर्ट बिघडवून गेलं. थकवा फार म्हणून टेस्ट सांगितली होती, टीएसएच आलं जवळजवळ शून्य आणि टी फोर वाढलेलं, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चाललंय असा अर्थ. आधीच एक दुखणं, त्यात हे दुसरं, दोन दिवस धड जेवले नाही मी. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला, हात पुढे करायला लावून थरथरतायत का बघितलं, नाडी बघितली, आणि एकदम विचारलं, काकू, केसांसाठी काही घेता का? बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टेस्ट चालते तीच बायोटिनच्या चिकटण्यावर, रक्तात ते भरमसाट असलं की मशीन फसतं. हार्टच्या ट्रोपोनिनच्या टेस्टलाही असं होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०१७ मध्येच इशारा दिलाय. आठवडाभर गोळी बंद ठेवून परत रक्त दिलं, सगळं नॉर्मल. थायरॉइडचं काही नव्हतंच.

पण त्यानंतर त्या जे म्हणाल्या ते जास्त लागलं. काकू, मी आधी तीनदा विचारलं होतं आणखी काही घेता का, तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, अहो ते औषध थोडंच आहे.

खोटंच होतं ते. खरं काय ते इथे लिहिते. या दोन वर्षांत माझ्या अंगाचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. कुठे कापायचं, केमो किती, चार त्या लाल औषधाच्या आणि मग दर आठवड्याला एक अशा बारा, रेडिएशनला हात डोक्यावर कसा धरायचा, छातीवरच्या शाईच्या खुणा अंघोळीत पुसायच्या नाहीत इथपर्यंत. त्यांनी बरोबरच ठरवलं, तक्रार नाही. पण हा डबा माझा होता. सकाळी चहाच्या आधी झाकण उघडायचं आणि आज ही घेऊ, ती उद्या, असं मी ठरवायचे. सांगितलं असतं तर हेही त्यांच्या फाइलमध्ये गेलं असतं.

सगळ्यात मोठी बाटली हळदीची. ठाण्याच्या ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने दिलेली, एक संपायच्या आत दुसरी हजर. आत्ता एक कॅप्सूल फोडून बघितली, पेपरवर पिवळी रेघ उमटली, बोट दोनदा साबणाने धुतलं तरी नखाच्या कडेला आहेच. वास मात्र मिरीचा. लेबलवर ठळक अक्षरात, शोषण २००० टक्के जास्त. आकडा हवेतला नाही, बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचा १९९८ चा अभ्यास आहे, हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन दिलं तर एवढा फरक पडला. पण का पडला ते लेबलवर नसतं. बाहेरून आलेलं काहीही लिव्हर मोडून टाकायला बघतं, पायपरीन त्या लिव्हरचे हात धरून ठेवतं. आणि माझं टॅमॉक्सिफेन, कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायचं ते, तर लिव्हरच्याच भरवशावर, रोजची २० मिलिग्रॅमची गोळी जशीच्या तशी फारसं काही करत नाही, लिव्हर तिचं एंडॉक्सिफेन बनवतं आणि खरं काम ते करतं. २०१९ मध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या थोड्या पेशंटना कर्क्युमिन आणि पायपरीन देऊन रक्त तपासलं तर एंडॉक्सिफेन १२ टक्क्यांनी उतरलं होतं. (बाईंनी दोन वाक्यात सांगितलं, बाकीचं लेकीने शोधून वाचून दाखवलं.) त्यांचा डोस माझ्याहून कितीतरी मोठा, दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर, त्यामुळे माझं काही बिघडलंच असेल असं नाही. तरी आठवा हिस्सा म्हणजे कमी नाही हो, ज्या गोळीसाठी पाच वर्षं घाम, हॉट फ्लॅश, सगळं सोसायचं तिच्याच पायात मी पाय घालत होते की काय. वरणातल्या हळदीचं काय विचारलं तर बाई हसल्या, खुशाल घाला म्हणाल्या.

मोबाइलचा कॅमेरा झूम करून बाटलीची मागची बाजू वाचली. नॉट फॉर मेडिसिनल यूज. एफएसएसएआय म्हणजे आपल्या सरकारी अन्न खात्याच्या नियमाने हे छापावं लागतं, कारण कायद्याच्या दृष्टीने हे खाणं, औषध नाही. म्हणजे मी डॉक्टरांना जे म्हणाले तेच बाटलीवर छापलेलं होतं, आणि घेत मात्र मी ते औषध म्हणूनच होते.

गुळवेलीचा काढा आमच्या वरच्या मजल्यावरचे काका द्यायचे, सोसायटीच्या कडुनिंबावर चढलीय तीच वेल. करोनाच्या वेळी अख्खी बिल्डिंग प्यायची. २०२० मध्ये मुंबईतल्याच सहा जणांचं लिव्हर गुळवेल घेताना बिघडलं आणि डॉक्टरांनी ते छापलं तेव्हा आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पुढे १३ सेंटर्समधले ४३ पेशंट निघाले. काकांना हे सांगायची माझी हिंमत नाही, मी कुंडीत ओतते.

एक बाटली सील फोडलेलीच नाही. एसिटिल एल कार्निटिन. पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे त्या दर आठवड्याच्या बारा केमो, चालू असताना बोटांची टोकं बधीर व्हायला लागली, ब्लाउजचे हुक लागेनात, म्हणून मागवली आणि नेमकी तेव्हा उलट्यांनी काही पोटात ठरेना म्हणून तशीच राहिली. आज लेक म्हणते, आई, अमेरिकेत ४०९ बायकांना तसल्याच केमोबरोबर हे देऊन बघितलं, २०१३ मध्ये छापलंय, २४ आठवड्यांनी बधिरपणा कमी नाही, उलट जास्त निघाला. म्हणजे मी शहाणी म्हणून वाचले असं नाही, उलट्यांनी वाचवलं.

साडेनऊला ताईंचा फोन आला होता. घेतेस ना गं कॅप्सूल? मी म्हटलं, हो ताई, रोज. त्यांचं स्वतःचं पेन्शन आहे, त्यातून आणतात त्या, आणि फोन ठेवताना दरवेळी आवाज ओला होतो. तर अशी मी, डॉक्टरांना नाही सांगते आणि ताईंना हो. उद्या एक तरी खोटं कमी होईल. दुसऱ्याचं नंतर बघू.

अकराच्या अकरा कापडी पिशवीत घातल्या, फाइलच्या बाजूला. डबा पुसून ओट्यावर ठेवला, रिकामा केवढा मोठा वाटतो. कडवे वाल उपसून फडक्यात बांधून ठेवलेत, उद्या संध्याकाळपर्यंत मोड येतील. मागच्या महिन्यात बिरडं करायचं म्हणून सोलायला बसले तर दाणा चिमटीत आहे की निसटला तेच कळत नव्हतं, वाटीभर सोलायला तास गेला आणि शेवटचे हे सोलत होते, तेही सालांसकट. यावेळी आधी मी एकटी बसणारे.