बाटल्या, वाळू आणि तडे

भंगारवाल्याकडून पोतंभर बिअरच्या बाटल्या घरी आणल्या तेव्हा आई म्हणाली, "अगं, शेजारी काय म्हणतील?"

प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये त्या फोडून मोर्टारमध्ये (सिमेंट, वाळू आणि पाण्याच्या मिश्रणात) वाळूऐवजी घातल्या. मोर्टारच्या पट्ट्या ८० अंशांच्या कॉस्टिक सोड्यात १४ दिवस ठेवल्या. काढल्या तर अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे! काचेतली सिलिका अल्कलीशी, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराशी, भिडते, जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं.

मग तीच काच बॉल मिलमध्ये (जड गोळे असलेल्या फिरत्या पिंपात) ७५ मायक्रॉनच्या खाली दळली, अगदी मैद्यासारखी. (त्या खडखडाटाने लॅबमधले मामा जाम वैतागले.) आता वाळूऐवजी नाही, २० टक्के सिमेंटच्या जागी. तडे गायब. सात दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) मात्र कच्चेच निघाले. ताकद सावकाश येते, सर म्हणतात ९० दिवस थांब. सबमिशन पुढच्या महिन्यात आहे.