आईचा सा घेऊन मिरजेला

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर आईचा तानपुरा माझ्या बर्थवर आडवा होता आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून. मागे एका खासगी बसवाल्याने बजावून सांगूनही तो डिकीत टाकला होता, भोपळ्याला चीर गेली होती. तेव्हापासून मी तो कुणाच्या हातात देत नाही. शेवटी ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेलं, वाळवलेलं फळ आहे, हे सामान उचलणाऱ्यांना कसं समजावायचं?

मिरजेत दोन दिवस राहिले. लॉज कळकट होता. मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या कबरीपाशी बसले. बाकी सगळा वेळ सतारमेकर गल्लीत, तानपुरे बनवणाऱ्या चाचांच्या दुकानात.

आईने हा तानपुरा १९९१ साली इथूनच घेतला, तीन हप्त्यांत पैसे देऊन. तेव्हा गादीवर चाचांचे वडील असायचे आणि चाचा कोपऱ्यात तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, पॉलिश करत बसायचे. पुढे दर दोन-तीन वर्षांनी जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद परत उघडायला, मिरजेची खेप आणि दिवाळीला फोन, हे कधी चुकलं नाही. गेल्या दिवाळीत आई नेहमीसारखी बोलत होती. चाचा मधेच म्हणाले, "ताई, आवाज खाली आलाय तुमचा. तानपुरा पाठवून द्या."

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आईचं गाणं थांबलं होतं. आम्हाला वाटलं, थकवा असेल. तिला काळी चार, तिची नेहमीची गायची पट्टी, पेलत नव्हती आणि वर्षभर तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एका घरात राहून मला जे ऐकू आलं नाही, ते त्यांना फोनवरच्या दोन वाक्यांत ऐकू आलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

चाचांनी आधी सगळ्या तारा उतरवल्या. "याच तारा सैल करून चालणार नाही. मरगळून वाजतील. जाड घालू." मग मला म्हणाले, "आईला फोन लाव बेटा. सा लावायला सांग."

आईने लावला. कापरा होता, लगेच सोडला.

"अजून खाली घ्या ताई. घाई नाही."

चार-पाच वेळा झालं. त्याहून खालच्या पांढरी चारला आवाज टेकला तसे चाचा म्हणाले, "हां. तिथंच राहा." आणि खुंटी पिळायला लागले.

पुढचा दीड तास जवारीचा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानशीचा एक हलका हात, तार परत चढवायची, छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, परत उतरवायची. घोडीला एक अगदी पुसट उतार असतो. तार त्यावर घासत कंप पावते, म्हणून तो गुंजणारा नाद निघतो. उतार जरा इकडेतिकडे झाला की आवाज चरचरतो किंवा बसतो. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला. दोरा केसभर पुढे गेला आणि खर्ज एकदम उघडला. माझ्या अंगावर काटा आला.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार चांगलं झालं, वाद्यं घडवणाऱ्या इथल्या शिकलगारांच्या कितीतरी पिढ्यांचे हात त्यात आहेत. पण एका बाईचा सा तीस वर्षं कानात जपून ठेवणं कुठल्या प्रमाणपत्रात लिहिणार?

चाचांनी फोन भोपळ्याजवळ धरला आणि चारी तारा छेडत राहिले. पलीकडे आई बराच वेळ गप्प होती. मग तिने सा लावला आणि या वेळी सोडला नाही. तो तुटक-तुटक पोचत होता, तानपुऱ्याच्या जरा मागून. चाचा छेडायचे थांबले नाहीत.

मग दोघं आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलली. नातू कामाला बसतो का, हे आईने विचारलं. "बसतो, पण कान अजून कच्चा आहे," चाचा म्हणाले. तारांचे आणि मजुरीचे पैसे त्यांनी मोजून घेतले, तानपुऱ्याला गवसणी स्वतः चढवली आणि फोन ठेवण्याआधी आईला म्हणाले, "पावसाळ्यात जवारी परत बसेल ताई. तेव्हा तुम्ही या. पोरीला पाठवू नका."